सायनसमुळे आवाज बिघडतो तेव्हा: या चुका टाळा

सायनसचा जुना त्रास असला की आवाज दोन वेगवेगळ्या तऱ्हांनी बिघडतो, आणि बहुतेक जण दोन्हींना एकच समजून औषध घेत राहतात. पहिला बिघाड नाकातला. म, न, ण ही अक्षरे नाकातून हवा गेल्याशिवाय नीट उमटत नाहीत. नाक चोंदले की 'मामा'चा 'बाबा' होतो आणि 'नाना'चा 'दादा'. आवाज दबलेला वाटतो, पण त्यात खरखर नसते. दुसरा बिघाड स्वरयंत्रातला. यात आवाज घोगरा होतो, मध्येच फाटतो, वरच्या पट्टीत जात नाही, संध्याकाळपर्यंत बसतो.

चोंदलेले नाक स्वतःहून आवाज घोगरा करत नाही. स्वरतंतू सुजले, कोरडे पडले किंवा त्यांच्यावर चिकट कफ बसला की आवाज घोगरा होतो. सायनसचा त्रास तिथवर पोचतो तो आडवाटेने: घशात उतरणारा कफ, तोंडाने घेतलेला श्वास, दिवसभराचे खाकरणे आणि चुकीची औषधे. यातल्या निम्म्याहून अधिक वाटा आपल्याच सवयींनी उघडलेल्या असतात, म्हणून त्या बंद करणेही आपल्या हातात आहे.

बिघाड कुठे आहे ते न पाहता उपचार सुरू करणे

तीन साध्या चाचण्या घरी करता येतात. 'मामीने मीनाला नाणे मागितले' हे वाक्य एकदा नेहमीसारखे आणि एकदा नाकपुड्या चिमटीत धरून म्हणा. निरोगी नाक असेल तर चिमटीत धरल्यावर आवाज ठळकपणे बदलतो. काहीच फरक पडला नाही, तर नाक आधीच बंद आहे. मग 'गाडी थेट घरी गेली' हे वाक्य तसेच दोनदा म्हणा. यात नाकातले एकही अक्षर नाही, त्यामुळे फरक पडायला नको. पडला, तर बोलताना हवा नाकात गळते आहे; तो प्रश्न सहसा टाळूचा असतो, सायनसचा नाही, आणि तो तज्ज्ञाला दाखवायला हवा. शेवटी सहज पट्टीत लांब 'आ' लावा. तो खरखरला, थरथरला किंवा तुटला, तर स्वरतंतूंकडे लक्ष द्यायची वेळ आली आहे, नाक कितीही मोकळे असो.

सतत घसा खाकरणे

आवाजाचे सर्वात जास्त नुकसान बहुधा याच सवयीने होते. साधे बोलतानाही स्वरतंतू पुरुषांमध्ये सेकंदाला साधारण १०० ते १२० वेळा आणि स्त्रियांमध्ये २०० च्या आसपास एकमेकांना भिडतात, पण ते भिडणे हलके असते. खाकरताना ते एकमेकांवर जोरात आपटतात. कडा सुजतात, सुजलेल्या कडांमुळे घशात काहीतरी अडकल्यासारखे वाटते आणि माणूस पुन्हा खाकरतो. पुष्कळदा तिथे कफ अगदी थोडा असतो; जाणवते ती सूज.

खाकरायची ऊर्मी आली की पाण्याचा छोटा घोट घ्या, हनुवटी किंचित खाली करा आणि जोर लावून गिळा. तेवढ्याने भागले नाही, तर तोंड उघडून आवाज न करता 'ह्' असा हवेचा हलका झोत दोनदा सोडा आणि लगेच गिळा. सुरुवातीचे काही दिवस हे अपुरे वाटते. तरी सोडू नका, कारण सूज उतरली की ऊर्मीही कमी होत जाते. घरच्यांना टोकायला सांगा. निम्म्या वेळा आपण खाकरलो हे आपल्याला कळतही नाही.

आवाज पोचत नाही असे वाटून तो ढकलणे

आपला आवाज आपण काही अंशी हाडांतून ऐकतो. नाक आणि कान दडपलेले असले की तो आतून बदललेला ऐकू येतो आणि समोरच्यापर्यंत पोचत नाही असे वाटते. मग मानेचे स्नायू ताणून जोर लावला जातो. शिक्षक, गायक, निवेदक यांचा आवाज बसतो तो अनेकदा या जोरामुळे. नाक मोकळे झाल्यावरही ताणून बोलायची ही खोड मागे राहू शकते.

फोन हातभर अंतरावर ठेवून एक परिच्छेद ध्वनिमुद्रित करा आणि बरे असतानाच्या मुद्रणाशी ताडून पाहा. बाहेर ऐकू येणारा फरक आतल्यापेक्षा सहसा बराच कमी असतो. मोठ्याने बोलण्याऐवजी सावकाश बोला, शब्द स्पष्ट सुटे करा, शक्य तिथे माइक वापरा. आवाज वाचवायला कुजबुजणेही बरे नव्हे. जोर लावून कुजबुजताना अनेकांचा गळा आणखी आवळतो. त्यापेक्षा हळू, पण खऱ्या आवाजात बोला.

गाणाऱ्यांसाठी एक सूचना: नाक चोंदलेले असताना ओठ मिटून गुणगुणण्याचा सराव नको. हवेला वाट नसते, मग गळा जोर करतो. त्याऐवजी स्ट्रॉचे टोक २ ते ३ सेंटिमीटर पाण्यात बुडवून हलका 'ऊ' लावा आणि बुडबुडे एकसारखे येऊ द्या. एक-दोन मिनिटे, दिवसातून चार-पाच वेळा पुरे.

नाक धुताना आणि स्प्रे मारताना होणाऱ्या चुका

मिठाच्या पाण्याने नाक धुणे हा उत्तम उपाय आहे, पण नळाचे पाणी थेट वापरू नका. त्यात क्वचित असणारा नेग्लेरिया फाउलेरी नावाचा अमिबा नाकावाटे मेंदूपर्यंत जाऊ शकतो. संसर्ग अतिशय दुर्मिळ आहे, पण बहुतेकदा जीवघेणा ठरतो. पाणी खळखळून किमान १ मिनिट उकळा, समुद्रसपाटीपासून २००० मीटरच्या वर राहत असाल तर ३ मिनिटे, आणि कोमट होऊ द्या. २४० मिलीलीटर पाण्यात साधारण २ ग्रॅम, म्हणजे छोट्या चमच्याचा एक तृतीयांश, आयोडीन नसलेले बारीक मीठ आणि चिमूटभर खाण्याचा सोडा घाला. पुढे वाका, मान तिरकी करा, तोंड उघडे ठेवून तोंडानेच श्वास घ्या. अर्धे पाणी एका नाकपुडीत, अर्धे दुसरीत.

नाक झोंबले तर मिठाचे प्रमाण चुकले आहे किंवा पाणी फार गार-गरम आहे. कानात दडा बसला तर बाटली जोरात दाबली गेली आहे किंवा नंतर दोन्ही नाकपुड्या दाबून शिंकरले गेले आहे. नाक पूर्ण बंद असेल तेव्हा जबरदस्तीने पाणी घालू नका. धुतल्यावर पुढे वाकून उरलेले पाणी गळू द्या. बोलण्याच्या किंवा गाण्याच्या किमान तासभर आधी हे उरका, नाहीतर ते पाणी ऐन वेळी घशात उतरते.

डॉक्टरांनी स्टेरॉइड स्प्रे दिला असेल तर तो धुण्याआधी मारण्यात अर्थ नाही. औषध वाहून जाते. धुऊन १० ते १५ मिनिटांनी मारा. मान किंचित पुढे, डाव्या हाताने उजव्या नाकपुडीत आणि उजव्या हाताने डाव्या, टोक डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याकडे. मधल्या पडद्यावर मारला तर रक्त येऊ शकते. जोरात ओढला तर औषध घशात जाते, आणि कडू चव आली की तसे झाले असे समजा. गुण यायला आठवडे लागतात, म्हणून चार दिवसांत बंद करू नका.

झटपट नाक मोकळे करणारी औषधे

ऑक्सिमेटाझोलिन किंवा झायलोमेटाझोलिनचे थेंब काही मिनिटांत नाक उघडतात. ३ ते ५ दिवसांच्या पुढे वापरले, तर औषध उतरल्यावर नाक पहिल्यापेक्षा जास्त चोंदते आणि थेंबांशिवाय झोप येईना होते. क्लोरफेनिरामाइनसारख्या जुन्या गोळ्या नाक सुकवतात, पण घसाही सुकवतात. कफ घट्ट होतो आणि स्वरतंतूंना चिकटतो. मेंथॉलने नाक मोकळे झाल्यासारखे वाटते, हवेची वाट मात्र तेवढीच राहते. वाफ घ्यायची तर साधी, भाजणार नाही इतपत.

सगळे खापर सायनसवर फोडणे

घशात उतरणारा कफ, सकाळचा घोगरेपणा, गोळा अडकल्यासारखे वाटणे ही लक्षणे पोटातले आम्ल वर येण्यानेही होतात. दम्याच्या स्टेरॉइड इन्हेलरनेही आवाज बसतो, आणि नाकात पॉलिप (अस्तरावर वाढलेल्या मऊ गाठी) असलेल्या अनेकांना दमाही असतो. इन्हेलर परस्पर बंद करू नका; स्पेसर (इन्हेलरला जोडायची नळी) लावा आणि प्रत्येक वेळी गुळण्या करून चूळ भरा. जुना सायनस म्हणजे १२ आठवडे किंवा अधिक टिकलेली लक्षणे, तीही दुर्बीण किंवा सीटी स्कॅनने पक्की झालेली. तेवढे झालेले नसताना अँटिबायोटिकचे कोर्स पुन्हापुन्हा घेण्यात आवाजाचा काहीच फायदा नाही.

घोगरेपणा ४ आठवड्यांच्या पुढे गेला, तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून स्वरयंत्र दुर्बिणीने पाहून घ्या. धूम्रपान करत असाल, मानेत गाठ असेल, थुंकीतून रक्त येत असेल, गिळायला त्रास होत असेल किंवा आवाजावर पोट असेल तर तेवढेही थांबू नका. श्वास घेताना घरघर होणे, डोळ्याभोवती सूज, एकाचे दोन दिसणे किंवा डोकेदुखीबरोबर मान आखडणे, यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. तपासणीला जाताना चालू औषधांची, थेंबांची आणि इन्हेलरची यादी आणि ते ध्वनिमुद्रण सोबत न्या.