सीएफ असलेल्या बाळाचं वजन अडलंय? या चुका टाळा

सिस्टिक फायब्रोसिस म्हणजे सीएफ, फुप्फुसं आणि पचनावर परिणाम करणारा जन्मजात आनुवंशिक आजार. तो असलेल्या बाळाचं वजन वाढेना की घरात पहिला तोडगा निघतो तूप वाढवण्याचा. उष्मांक जास्त लागतात हे खरंच. पण तूप घालूनही काटा हलत नसेल, तर आधी मिठाचं बघा. या मुलांच्या घामातून सोडियम आणि क्लोराइड भरमसाट जातं. बाळाचा पापा खारट लागतो तो म्हणूनच.

‘वर्षाच्या आत मीठ नको’ हे आजीचं म्हणणं इतर बाळांसाठी बरोबर आहे. इथे मात्र तेच महागात पडतं, कारण आईच्या दुधात आणि पावडरच्या दुधात सोडियम कमीच असतं. अमेरिकेच्या सीएफ फाउंडेशनची शिफारस आहे: निदानापासून रोज अष्टमांश छोटा चमचा मीठ, वयाच्या सहा महिन्यांनंतर पाव छोटा चमचा, दिवसभरात विभागून. तुमच्या बाळाचं माप डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या. विदर्भातल्या मे महिन्यात ते बदलावं लागू शकतं.

ग्लुकोज पावडरचं पाणी हा मिठाला पर्याय नाही, त्यात मुख्यतः साखर. ‘लो सोडियम’ मीठही नको. त्यात सोडियमची जागा काही प्रमाणात पोटॅशियमने घेतलेली असते.

रक्तातलं सोडियम नॉर्मल आलं म्हणून निर्धास्त होऊ नका. शरीर ते राखून धरतं आणि कमतरता आधी लघवीत दिसते. लघवीतल्या सोडियमची तपासणी करायची का, हे डॉक्टरांना मुद्दाम विचारा. उन्हाळ्यात बाळ मलूल झालं, दूध तोंडात घेईना, उलट्या सुरू झाल्या, तर ‘पोट बिघडलंय’ म्हणत घरी थांबू नका. सोडियम, पोटॅशियम, क्लोराइड एकदम घसरलेलं असू शकतं. लगेच दवाखाना गाठा आणि सीएफ असल्याचं तिथे पहिल्यांदा सांगा.

दुसरी गल्लत झिंकची. सीएफमध्ये अन्न पचावं म्हणून बाहेरून दिलेली एन्झाइम (पाचक रसायनं) नीट पोचत नसतील तर चरबीबरोबर झिंकही शौचातून जातं, मग टॉनिकच्या बाटल्या रिकाम्या करून काय उपयोग? एन्झाइमचे दाणे कुटायचे नाहीत आणि दुधाच्या बाटलीतही घालायचे नाहीत. चमचाभर सफरचंदाच्या गरात द्यायचे, मग हिरड्यांत अडकलेले दाणे बोटाने काढायचे, नाहीतर तोंड सोलवटतं. एवढं करूनही दोन वर्षांखालचं मूल वाढत नसेल, तर डॉक्टर सहा महिने झिंक देऊन बघतात, वजनाच्या दर किलोमागे रोज 1 मिलिग्रॅम. रक्तातलं झिंक नॉर्मल असलं तरी कमतरता असू शकते.

लोहाची तपासणी मात्र छातीचा संसर्ग चालू असताना नको. फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा दाखवणारं प्रथिन, तेव्हा फुगलेलं दिसतं आणि कमतरता झाकली जाते.