घरच्या वाघिणीला चाकं कोणती, कपलर कोणता

सदतीस वर्षं दौंडला टीएक्सआर, म्हणजे गाडी धावायला फिट आहे का ते ठरवणारा परीक्षक, म्हणून मालगाड्या तपासल्या. निवृत्तीनंतर हौसेनं मॉडेल रेल्वेसाठी सनबोर्डची पहिली बॉक्सएन वाघीण (उघडा मालडबा) केली, तर ती तिसऱ्याच फेरीला सांध्यावर, म्हणजे गाडी रूळ बदलते तिथे, घसरली. नातू म्हणाला, "आबा, हिला फिट कुणी केलं?"

दोष चाकांचाच होता. आपल्या ब्रॉडगेजवर जोडीच्या दोन चाकांमधलं आतलं अंतर १६०० मिमी असतं. एचओ मॉडेलच्या १:८७ मापात, म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या भागात, ते १८.४ भरतं. पण बाजारात मिळणारा एचओ रूळ १६.५ मिमीचा, म्हणजे युरोप-अमेरिकेच्या १४३५ मिमी गेजचा (दोन रुळांमधल्या अंतराचा). त्यावर चालवायचं तर आपलं खरं माप विसरा आणि हे अंतर १४.५ च्या आसपास ठेवा. माझं १३.९ होतं, त्यामुळे सांध्यात चाकाला वाटेवर ठेवणाऱ्या चेक रेलला चाकाची कड, म्हणजे फ्लॅंज, घासून चाक वर चढत होतं. व्हर्नियर कॅलिपर लावून मोजा आणि चाक एक्सलवर बोटांनी पिळत सरकवा. नवीन पाकिटातली चाकंसुद्धा मोजल्याशिवाय बसवू नका.

व्यासाची गंमत सांगतो. बॉक्सएनचं नवं चाक १००० मिमीचं, ते मॉडेलमध्ये ११.५ होतं. दुकानात मिळतात १०.५ किंवा १२ ची. बारा लावलं तर ते नव्या चाकापेक्षाही मोठं दिसतं, शिवाय वाघिणीच्या तळाला घासतं. साडेदहा म्हणजे खऱ्या मापात ९१४, आणि ९०६ ला आम्ही चाक कंडेम, म्हणजे बाद, करायचो! तेव्हा साडेदहा हे झिजलेलं, पण अजून कायद्यात बसणारं चाक. मी तेच घेतो.

चाक धातूचंच घ्या, प्लॅस्टिकच्या चाकांनी रुळावर काळी घाण साचते. मात्र एका बाजूचं चाक एक्सलपासून इन्सुलेट केलेलं हवं, नाहीतर दोन्ही रूळ जोडले जाऊन शॉर्ट होईल. मल्टिमीटरनं तपासायला दहा सेकंद लागतात.

वाघिणीखालच्या दोन बोगींपैकी (दोन-दोन एक्सल धरणाऱ्या फिरत्या सांगाड्यांपैकी) एकीचा स्क्रू असा आवळा की ती फक्त वळेल, डुलणार नाही. दुसरीचा थोडा सैल ठेवा, म्हणजे ती डुलेल. वाघीण तीन पायांच्या स्टुलासारखी टेकते आणि वाकड्या रुळावरही चारही एक्सल खाली राहतात. बॉक्सएनची लांबी १२३ मिमी होते, तिला साधारण ९५ ते १०० ग्रॅम वजन हवं. तळाला नट चिकटवून किराणा दुकानाच्या काट्यावर तोलून आणा. दुकानदार हसतो, हसू द्या.

आता कपलर, म्हणजे डबे जोडणारा आकडा. खऱ्या सीबीसीची (मधोमध बसणाऱ्या कपलरची) उंची रुळापासून रिकाम्या वाघिणीला जास्तीत जास्त ११०५ मिमी, म्हणजे मॉडेलमध्ये १२.७. केडी कंपनीच्या क्रमांक ५ सारख्या नकल (बोटासारख्या आकड्याच्या) कपलरची मधली उंची ठरलेली, जवळपास ९.९ मिमी. दोन्ही साधत नाहीत. विकतचं इंजिन जोडायचं असेल तर ९.९ च ठेवा, डोळ्याला खुपलं तरी. एकाच रेकमध्ये, म्हणजे जोडलेल्या डब्यांच्या रांगेत, दोन उंच्या नकोत. चढावर वरचा कपलर खालच्यातून सुटून मागची गाडी एकटीच घरंगळते. माझी एकदा पलंगाखाली गेली.

कपलर बोगीला नको, तळाला स्क्रूनं लावा. ओढताना फरक जाणवत नाही, पण रेक मागे ढकलला की बोगीवरचा कपलर बोगीच तिरकी करतो आणि चाक रूळ सोडतं. बॉक्सएन आखूड असल्यामुळे १८ इंच त्रिज्येच्या वळणावरही तळाचा कपलर अडत नाही. त्याच्या डबीत फेव्हिक्विक जाऊ देऊ नका, आणि तेलही नको, धूळ धरतं. अडकत असेल तर पेन्सिलीच्या शिशाचा भुगा पुरतो.

शेवटी दहा वाघिणी जोडून सांध्यातून उलट्या ढकला. जी घसरेल, तिला खडूनं खूण करून बाजूला काढा.