गाडीचं डुलणं असं थांबलं
सोलापुरातून नळदुर्गच्या बाजूला एकट्यानं मुक्कामी निघालो की हायवेवर मोटरसायकलची मागची बाजू डुलायची. सगळं जड सामान कॅरियरवर, म्हणजे मागच्या चाकाच्याही मागे. आता पाणी आणि पाने-पक्कड सॅडलबॅगेत, म्हणजे सीटच्या दोन बाजूंना लटकणाऱ्या पिशव्यांत खाली, दोन्हीकडे सारखं वजन; तंबू सीटवर आडवा, पाठीला टेकून. कॅरियरवर फक्त स्लीपिंग बॅग. बंजी कॉर्ड, म्हणजे हूकवाली रबरी दोरी, सैल पडते, म्हणून बकलचे पट्टे लावले. लोंबणारं टोक गुंडाळून आत खोचायचं, चेनमध्ये अडकलं तर चाकच जाम होतं. मागच्या टायरची हवा मॅन्युअलमधल्या डबलसीटच्या आकड्याइतकी, टायर गार असताना. स्टोव्ह तर काढूनच टाकला: कडक भाकरी दिवसेंदिवस टिकते, सोबत शेंगाचटणी, आणि दही वाटेत मिळतं.