पॅच लावूनही हवा जात होती, कारण काटा आतच होता

फेब्रुवारीचा शेवट. बीडकडच्या बालाघाट डोंगरात, मांजरसुंब्याजवळ मित्राच्या शेतात तंबू टाकलेला. पळस फुललेला, रात्री गोधडी लागायची अन् अकरालाच ऊन चटके द्यायचं.

सकाळी गाडीवाटेनं माळावर चढताना माझ्या बाईकचं मागचं चाक बसलं. ट्यूबवालं टायर. चाक काढून आडवं टाकलं, मित्राच्या बाईकचं साइड स्टँड टायरवर टेकवून टायरची कड रिमपासून सोडवली, ट्यूब घमेल्यात बुडवून भोक शोधलं, पॅच मारला. अर्ध्या तासात परत हवा गुल! मी सोल्युशनला (पॅच चिकटवायच्या डिंकाला) शिव्या घालत बसलो. मित्र म्हणाला, "टायर आतून बघितलं का रे?"

नव्हतं बघितलं.

मग जुनं बनियन टायरच्या आतून गोल फिरवलं (नुसत्या बोटांनी चाचपू नका, फाटतात). एका जागी धागा अडकला. बाभळीच्या काट्याचं मोडकं टोक, बाहेरून अजिबात न दिसणारं! पकडीनं ओढलं. नवं भोक जुन्याच्या शेजारीच होतं. या वेळी सोल्युशन पाचेक मिनिटं सुकू दिलं, मगच पॅच दाबला. खडकावर पकड मिळावी म्हणून हवाही फारच कमी ठेवली होती, त्यात ट्यूब दगड अन् रिमच्या मधे चिमटते. ती थोडी वाढवली.

संध्याकाळी जवळच्या कपिलधार धबधब्याला जाऊन आलो. चाक टणक.