पुरात बोटीचं इंजिन दम सोडतं तेव्हा: पेट्रोलच्या वाटेवरच्या या चुका टाळा

आपल्याकडे कृष्णा, दूधगंगा, वेदगंगेच्या काठी बोटीच्या आउटबोर्ड (बोटीच्या मागच्या बाजूला बाहेर बसवायच्या) इंजिनाची खरी गरज पडते ती जुलै-ऑगस्टमध्ये. कल्लोळ-यडूर, मलिकवाड-दत्तवाड, जत्राट-भिवशी असे सखल पूल पाण्याखाली गेले की बोटी बाहेर निघतात. २०१९ आणि २०२१ चा पूर ज्यांनी मळ्यातल्या घरात अडकून काढला, त्यांना बोटीची किंमत सांगायला नको. पण तेच इंजिन उरलेले आठ-दहा महिने कुणाच्या तरी शेडमध्ये पडून असतं आणि टाकीत गेल्या सालचं पेट्रोल तसंच असतं. काठावर ते सुरू होतं, धारेत गेल्यावर गचके खातं आणि बंद पडतं. लगेच ‘इंजिन गेलं’ म्हणू नका. बहुतेकदा ते धडधाकट असतं, त्याला पेट्रोल पुरत नसतं.

धारेत बंद पडलं तर आधी वल्ही हातात घ्या किंवा नांगर टाका. बुडालेल्या झाडांपासून आणि विजेच्या खांबांपासून बोट लांब ठेवा. इंजिनाचं झाकण त्यानंतर उघडा.

सरळ कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग) खोलणं

ही सगळ्यात जास्त होणारी चूक. पाना हातात घेण्याआधी दोन-तीन गोष्टी बघायच्या. किल स्विचच्या (इंजिन एकदम बंद करणाऱ्या बटणाच्या) दोरीची क्लिप जागेवर आहे का? ती निघालेली असली तर स्टार्टरची दोरी कितीही ओढा, इंजिन लागणार नाही. मग प्लग काढून बघा. बराच वेळ ओढूनही प्लग कोरडा ठणठणीत असेल, तर पेट्रोल आत पोचत नाही. निथळत असेल, तर चोक जास्त झालाय किंवा ठिणगी पडत नाही, आणि त्याचा इलाज वेगळा. खालच्या पंख्यालाही बघा. पुरात वाहून येणारं उसाचं पाचट आणि जलपर्णी पंख्याला गुंडाळली की इंजिन दबून बंद पडतं आणि दोष पेट्रोलवर जातो. पंख्याला हात लावताना इंजिन बंद आणि किल स्विचची क्लिप काढलेलीच हवी.

टाकीचा हवेचा स्क्रू बंद ठेवणं

वेगळ्या टाकीच्या झाकणावर हवेसाठी छोटा स्क्रू असतो. जीपमधून नेताना पेट्रोल सांडू नये म्हणून तो आवळतात आणि नदीवर पोचल्यावर सोडायचा राहून जातो. इंजिन काही मिनिटं छान चालतं, मग हळूहळू मरतं, कारण टाकीत हवा शिरत नाही आणि पेट्रोल बाहेर येत नाही. झाकण सैल करताच ‘सुस्स’ करून हवा आत ओढली गेली, तर दोष सापडला.

रबरी फुगा नुसता दाबत राहणं

टाकी आणि इंजिन यांच्यामधल्या पाइपवरचा तो फुगा पेट्रोल चढवण्यापुरता आहे, असं बरेच जण समजतात. माझ्या मते बोटीवर त्याच्याइतकं खरं बोलणारं दुसरं यंत्र नाही. त्याच्यावर बाण असतो, तो इंजिनाच्या दिशेने हवा. फुगा आडवा न धरता उभा धरा, इंजिनाकडचं टोक वर. आत दोन झडपा असतात, त्या उभ्यात नीट बसतात. आता दाबा. थोड्या दाबांत फुगा टणक व्हायला हवा.

टणक होतच नसेल, तर कुठून तरी हवा शिरतेय किंवा झडप गेलीय. पहिला संशय पाइप इंजिनाला जोडायच्या कपलिंगमधल्या ओ-रिंगवर (रबरी कड्यावर) घ्या. ती झिजते, चिरते आणि वरून काही दिसत नाही. तिथून पेट्रोल गळेलच असं नाही, पण हवा मात्र आत ओढली जाते.

इंजिन चालू असताना फुगा चपटा होऊन आत ओढला जात असेल, तर अडथळा फुग्याच्या मागे, टाकीच्या बाजूला आहे. हवेचा स्क्रू किंवा टाकीतल्या नळीच्या तळाची जाळी बघा.

इंजिन मरायला लागल्यावर कुणी फुगा दाबत राहिलं आणि इंजिनाने पुन्हा जीव धरला, तर फ्युएल पंपाचा पडदा ढिला झालाय किंवा पाइप हवा खातोय. फुगा टणक आहे, दाबूनही फरक नाही, तेव्हा पुढचा फिल्टर आणि कार्बोरेटर यांच्याकडे वळायचं.

जुन्या पेट्रोलवर भरवसा

फेब्रुवारी २०२३ मध्ये बेंगळुरूत २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलची सुरुवात झाली, आणि आज पंपावर सर्रास तेच मिळतं. आपल्या उसाच्या पट्ट्याला इथेनॉल नवीन नाही, पण बोटीच्या टाकीत ते वेगळं वागतं. बहुतेक आउटबोर्ड कंपन्यांच्या पुस्तिकेत १० टक्क्यांपर्यंतचीच परवानगी असते. आपल्या इंजिनाची पुस्तिका काढून वाचा.

इथेनॉल पाणी ओढून घेतं. अर्धी टाकी पावसाळाभर दमट शेडमध्ये राहिली की आत पाणी साठत जातं. प्रमाण वाढलं की इथेनॉल आणि पाणी एकत्र होऊन तळाशी बसतात आणि पेट्रोल वर राहतं. टाकीची नळी तळातूनच ओढते, म्हणजे इंजिनाला आधी तेच मिळतं. टू-स्ट्रोक (पेट्रोलमध्येच ऑइल मिसळून चालणाऱ्या) इंजिनात धोका आणखी मोठा, कारण मिसळलेलं ऑइल वरच्या पेट्रोलमध्ये राहतं आणि खालच्या थरात जवळजवळ नसतं. पिस्टन वंगणाशिवाय घासतो.

तपासणी सोपी आहे. टाकीच्या तळाचं थोडं पेट्रोल काचेच्या स्वच्छ बरणीत घ्या आणि हलवू नका. थोड्या वेळाने खाली वेगळा थर दिसला किंवा पेट्रोल गढूळ वाटलं, तर सगळं बदला. टाकी हलवून ते परत मिसळेल, हा समज सोडा. काढलेलं पेट्रोल नदीत किंवा गटारीत ओतू नका. त्याच नदीचं पाणी खालची गावं पितात.

टू-स्ट्रोकला ऑइलचं प्रमाण पुस्तिकेप्रमाणेच ठेवा. ५०:१ असेल तर लिटरला २० मिली. अंदाजाने ओतलेलं जास्त ऑइल प्लग काळा करतं, कमी पडलं तर इंजिनच जातं.

जेटमध्ये तार घालणं

अनेक मिस्त्री ॲक्सिलरेटर केबलची एक तार सोडवून जेटच्या (कार्बोरेटरमधल्या पेट्रोल सोडणाऱ्या बारीक तोटीच्या) भोकात फिरवतात. जेट पितळेचा असतो, भोक घासलं की मोठं होतं आणि मग इंजिन कधीच नीट लागत नाही. कार्ब क्लीनरचा फवारा आणि हवेचा दाब पुरतो. खोलण्याआधी कार्बोरेटरच्या तळाचा स्क्रू सोडून बाऊलमधलं (खालच्या वाटीतलं) पेट्रोल कपड्यावर घ्या. पाण्याचे थेंब, तांबूस कण तिथेच दिसतात. इंजिन आयडलवर (रेस न देता) मरतं पण रेस दिल्यावर चालतं, तर छोटा जेट बुजलाय. उलटं असेल, तर मोठा जेट किंवा पुरवठा बघायचा.

इंजेक्शनचं (कार्बोरेटरऐवजी दाबाने पेट्रोल फवारणारं) इंजिन असेल, तर फिल्टरच्या पुढे हात घालू नका. तिथे दाब जास्त असतो, सर्व्हिसवाल्याला बोलवा.

पाइपच्या बाबतीत जुगाड नको. शेतीच्या पंपाची पारदर्शक नळी पेट्रोलने ताठ होते, चिरते. बोटीच्या पेट्रोलसाठीचाच पाइप घ्या आणि तो स्टीलच्या क्लिपने आवळा. पेट्रोल भरायचं ते टाकी काठावर उतरवून. पेट्रोलची वाफ जड असते, बोटीच्या तळात साठते.

पूर ओसरला की टाकी रिकामी करा. इंजिन पाण्याच्या ड्रममध्ये ठेवून पेट्रोलचा पाइप काढा आणि आतलं पेट्रोल संपून ते आपोआप बंद होईपर्यंत चालू द्या. मे संपता संपता ताजं पेट्रोल घालून पुन्हा तसंच ड्रममध्ये चालवून बघा. दोन्ही वेळा ड्रममधलं पाणी पंख्याच्या वरच्या आडव्या पत्र्याच्याही वर हवं, नाहीतर थंडाव्याचं पाणी फिरवणारा आतला रबरी पंखा थोड्याच वेळात करपतो.