विंच अडली की रेस वाढवू नका : स्किड चढवताना आणि नेताना होणाऱ्या चुका

ओमानच्या फहूद भागात तेलविहिरी खोदणाऱ्या रिग हलवण्याच्या कामावर मी चौदा वर्षं होतो. आधी रिगर, शेवटची काही वर्षं फोरमन. आता चिपळूण-रत्नागिरीकडची मुलं याच कामावर निघाली की फोन करतात, "काका, तिथं काय सांभाळायचं?" फोनवर सांगून होत नाही, म्हणून लिहितोय.

विंच ट्रकच्या पाठीवर विंच, म्हणजे ड्रमवर तारेचा रोप गुंडाळून ओझं ओढणारं यंत्र, असते आणि मागच्या कडेला जाडजूड फिरता रोलर. मड टँक (विहीर खोदताना लागणाऱ्या चिखलाची टाकी), पंप, जनरेटर हे सगळं लोखंडी स्किडवर, म्हणजे घसरत नेता येणाऱ्या चौकटीवर, बसवलेलं असतं. ट्रक स्किडला पाठ लावून उभा करायचा, विंचचा रोप स्किडच्या तोंडाशी असलेल्या आडव्या बारला अडकवायचा आणि ओढायचं. तोंड उचललं जातं, टेल रोलरवर टेकतं आणि अख्खा स्किड ट्रकच्या पाठीवर सरकत येतो. आपल्याकडे ओंडक्यांवरून होडी किनाऱ्यावर चढवतात, त्याच जातीचं काम. होडी अडली की ओढणारी माणसं थांबतात, वाकून खाली बघतात. विंच अडली की ड्रायव्हर रेस वाढवतो. मी पाहिलेले बहुतेक अपघात तिथून सुरू झाले.

पाटीवरचं वजन खरं मानणं

एका सकाळी आम्ही मड टँक चढवत होतो. पाटीवर १४ टन लिहिलेलं. स्किडचं तोंड रोलरवर आलं, विंचचा आवाज जड झाला, उस्तादनी, म्हणजे ड्रायव्हरनं, थोडी रेस दिली आणि ट्रकची पुढची दोन्ही चाकं हातभर वर. ओझं रोलरवर, रोलर मागच्या चाकांच्याही मागे, म्हणजे ट्रकची तरफ झालेली. चाकं हवेत असताना स्टिअरिंगला काही अर्थ नसतो. मी हात वर करून थांबवलं. रोप हळूहळू सोडून तोंड खाली टेकवलं आणि टँकचं झाकण उघडून आत लाकडी पट्टी घातली. वीतभर गाळ.

वीतभर म्हणजे किती, याचा हिशेब मी तेव्हापासून प्रत्येक नव्या पोराला करायला लावला. टँक १० मीटर लांब, अडीच मीटर रुंद, गाळ २० सेंटिमीटर. झाले ५ घनमीटर. मडमध्ये बराइट असतं आणि ते पाण्याच्या चौपटीहून जड. तळाला बसलेला असा गाळ घनमीटरला दीड ते दोन टन भरतो. म्हणजे पाटीवरच्या १४ टनांत साडेसात ते दहा टनांची भर, आणि बाहेरून काहीच दिसत नाही.

म्हणून टँक हलवायच्या आधी झाकण उघडायचं, आत पट्टी घालायची, गाळ काढून घ्यायचा. पंपाचंही तसंच. एफ-१६०० जातीचा नुसता मड पंप जवळजवळ २५ टनांचा असतो. मोटर, स्किड, पाइप धरून किती झालं ते विचारल्याशिवाय हुक लावू नका. पुढची चाकं हलकी होताहेत असं वाटलं तर तिथंच थांबा, तोंड खाली ठेवा आणि स्किडच्या मागच्या टोकाला दुसरा ट्रक लावा किंवा क्रेन मागवा. ड्रायव्हर कितीही जुना असला तरी हवेतल्या चाकांनी ट्रक वळत नाही.

विंचवरचा आकडा कुठल्या थराचा, हे न बघणं

विंचवर २७ टन लिहिलंय म्हणून ती कायम २७ टन ओढेल असं समजू नका. तो आकडा ड्रमवरच्या सगळ्यांत खालच्या थराचा असतो. ड्रम १० इंचांचा आणि रोप १ इंचाचा असेल तर पहिल्या थराची त्रिज्या साडेपाच इंच, चौथ्या थराची साडेआठ. ताकद त्याच प्रमाणात उतरते, म्हणजे चौथ्या थरावर २७ चे साडेसतराच राहतात. ट्रक स्किडच्या अगदी जवळ लावला की रोप थोडाच बाहेर असतो, ड्रम भरलेला असतो आणि विंच सर्वांत दुबळी असते. जड स्किडसाठी ट्रक थोडा पुढे नेऊन रोप जास्त सोडा. मात्र ड्रमवर पाच वेढे राहिलेच पाहिजेत. रोपाचं टोक ड्रमला जिथं बांधलेलं असतं, ती जागा ओझं पेलायला केलेली नसते. ओझं पेलतात ते वेढे.

विंच अडत नाही, पण ओढताना धक्के देते, मध्येच कट्कन आवाज येतो, अशी तक्रार फार येते. बहुतेक वेळा रोप सैल गुंडाळलेला असतो. ताण आला की वरचा वेढा खालच्या दोन वेढ्यांच्या मधे घुसतो आणि सुटताना झटका देतो. सगळा रोप उलगडा, टोकाला हलकं ओझं लावून ताणात परत गुंडाळा. रोप ड्रमच्या एकाच बाजूला गोळा होत असेल तर ट्रक स्किडच्या सरळ रेषेत नाही. ट्रक हलवा, रोपाला लाथा मारून जागेवर आणू नका. आणि काम झालं की पीटीओ (इंजिनची ताकद विंचला देणारा जोड) काढा. पीटीओ लावलेला ट्रक तसाच रस्त्यावर पळवल्यामुळे गिअर जळालेले मी स्वतः बघितलेत.

रुतलेल्या स्किडला नुसतंच खेचणं

महिनाभर एका जागी बसलेला स्किड वाळूत रुततो, कडेनं वाळूचा बांध तयार होतो. फहूदच्या नैर्ऋत्येला उम्म अस समीम हा मिठाचा मोठा पट्टा आहे. अशा सबखा जमिनीवर वरचा पापुद्रा घट्ट दिसतो आणि खाली चिखल असतो. तिथल्या स्किडला जमीन धरून ठेवते. सुटेपर्यंत लागणारा जोर नुसत्या वजनापेक्षा कितीतरी जास्त असू शकतो, आणि सुटला की तोच जोर एकदम मोकळा होतो. आधी फावड्यानं तोंड आणि दोन्ही कडा मोकळ्या करा, जॅकनं तोंड चार बोटं उचलून खाली ठोकळे सरकवा, मग ओढा. या कामाला अर्धा तास लागतो आणि फोरमन कुरकुरतो. कुरकुरू दे.

शॅकलमध्ये बोल्ट

हे माझ्याच गटात घडलं. शॅकलची, म्हणजे रोप अडकवायच्या यू आकाराच्या कडीची, पिन हरवली म्हणून एका पोरानं तिच्या जागी टूल बॉक्समधला बोल्ट घातला. बोल्ट जाडीला बरोबर बसला, नटही लागला. ताण आला तेव्हा बोल्ट आधी वाकला, मग तुटला, आणि शॅकलचा धनुष्यासारखा तुकडा केबिनच्या मागच्या जाळीवर आदळला. जाळी आत गेली. उस्ताद वाचले ते जाळीमुळे. पोर ट्रकच्या पुढे उभं होतं म्हणून तेही वाचलं. त्या दिवशी शॅकल मी तपासायला हवा होता, मी तपासला नाही. शॅकलची पिन ही त्याच शॅकलची, त्याच पोलादाची असते. हरवली तर अख्खा शॅकल बाद.

शॅकल तिरपा ओढला जात असेल तर त्याची क्षमताही घटते. अगदी आडवा, ९० अंशांत ओढला तर निम्मी. दोन पायांच्या स्लिंगमध्येही (ओझं उचलायच्या दोन फाट्यांच्या रोपातही) कोनच खेळ करतो. दोन पायांमधला कोन ६० अंश असेल तर प्रत्येक पायावर ओझ्याचे साधारण ५८ टक्के येतात, ९० ला ७१ टक्के, आणि १२० अंशांवर प्रत्येक पाय पूर्ण ओझं उचलतो. स्लिंग आखूड मिळाला म्हणून तो रुंद फाकवून लावणं ही त्यातूनच होणारी चूक. स्नॅच ब्लॉकमधून (रोप वळवायच्या कप्पीतून) रोप उलटा फिरवून आणला तर ब्लॉक ज्याला बांधलाय त्यावर रोपाच्या दुप्पट ताण येतो. गाडीच्या बंपरला ब्लॉक बांधणारे लोक हे विसरतात.

रोप रोज हातमोजा घालून तपासा. कापडानं पुसत गेलं की तुटलेल्या तारा कापडाला अडकतात आणि आपोआप सापडतात. एका पिळाच्या लांबीत सहा तारा तुटलेल्या दिसल्या, किंवा एकाच लडीत तीन, तर रोप बदलायचा. रोपाचं टोक वळवून क्लिप लावताना यू-बोल्टचा वाकडा भाग मोकळ्या, छोट्या टोकावर आणि सपाट खोगीर ताणाच्या रोपावर बसवा. उलटं बसवलं तर यू-बोल्ट ताणाच्या रोपालाच चेपतो.

कुठं उभं राहायचं

रोप ताणात असेल तर त्याच्या लांबीइतक्या अंतरात कुणी उभं राहू नये. स्नॅच ब्लॉक लावला असेल तर रोपाची घडी होते. त्या घडीच्या आतल्या बाजूला तर नाहीच नाही, ब्लॉक सुटला तर रोप नेमका तिथूनच जातो. खुणा करणारा माणूस एकच असावा आणि तो ड्रायव्हरला आरशात सतत दिसावा. तो दिसेनासा झाला की ड्रायव्हरनं विंच थांबवायची, हाक मारून विचारत बसायचं नाही. आमच्याकडे उस्ताद पेशावरचे, खुणा करणारे केरळचे, मी कोकणातला, तरी हाताची मूठ वर गेली की सगळे थांबत.

उतरवताना लोक जास्त बेफिकीर असतात, काम संपत आलेलं असतं म्हणून. ट्रक सपाट जागी लावा. स्किड रोलरवरून खाली झुकायला लागला की त्याचा वेग आपोआप वाढतो, तेव्हा विंच गिअरमध्ये ठेवूनच रोप सोडा. ओझं लावलेलं असताना ड्रमचा क्लच काढणं म्हणजे स्किडला मोकळं सोडणं.

ब्रेकवर भरवसा ठेवून रस्त्याला लागणं

विंचचा ब्रेक ओझं ओढताना धरण्यासाठी आहे. प्रवासात चेन लागतात, आणि पुरेशा लागतात. अमेरिकेच्या नियमात सगळ्या चेनची मिळून क्षमता ओझ्याच्या निम्मी तरी हवी. ४० टनांच्या पंपाला २० टन. ३/८ इंचाची ग्रेड ७० चेन ३ टनांची, म्हणजे सात चेन. अर्धा इंची चेन पाच टनांची, म्हणजे चार. लोखंडी स्किडखाली थेट लोखंडी पाठ असेल तर मधे लाकडी पट्ट्या किंवा रबर घाला. लोखंडावर लोखंड सहज घसरतं, मग त्यावर तेल सांडलेलं असेल तर बोलायलाच नको. लिव्हर बाइंडरच्या (चेन ताणायच्या साधनाच्या) दांड्याला पाइप चढवून ताण देऊ नका. सुटला तर तो पाइप तोंडावर येतो. रॅचेट बाइंडर वापरा.

जून ते ऑगस्टमध्ये ओमानात दुपारी साडेबारा ते साडेतीन उघड्यावर काम करायला बंदी असते. घाईघाईत चेन बांधून साडेबाराच्या आधी निघायचा मोह होतो. तेव्हाच चेन निम्म्या बांधल्या जातात. त्यापेक्षा ट्रक तसाच उभा ठेवा आणि साडेतीननंतर बांधा.

ग्रेडरनं सपाट केलेल्या कच्च्या रस्त्यावर पत्र्यासारख्या वळ्या असतात. दहा-पंधरा किलोमीटर गेलं की थांबून प्रत्येक चेन पायानं दाबून बघा. पहिल्या थांब्यावर एकतरी चेन सैल झालेली सापडतेच, बहुतेक वेळा मागची उजवीकडची, कारण रस्त्याचा उतार त्या बाजूला असतो. ती घट्ट करून, बाइंडरचा दांडा तारेनं बांधून मगच पुढे निघायचं.