गोळ्यांच्या पट्टीवरून नार्कोटिक कसं ओळखायचं

भाऊ, मेडिकलातून गोळ्या आणल्या की पट्टी उलटवून पाहा, लाल अक्षरात 'एनआरएक्स' दिसलं तं ती १९८५ च्या एनडीपीएस, म्हंजे अमली पदार्थांच्या कायद्याखालची हाय, नुसतं 'आरएक्स' म्हंजे चिठ्ठी लागते एवढंच. डॉक्टरच्या भाषेत नार्कोटिक म्हंजे अफूच्या जातीचं औषध, मॉर्फिन, कोडीन वगैरे, दुखणं दाबते, गुंगी आणते, सवय लावते अन् जास्त झालं तं श्वासच मंदावते. कापूस वेचून अंग दुखलं म्हणून घेता ते पॅरासिटामॉल त्यातलं नाही. झोपेची अल्प्राझोलम बी एनआरएक्सच, पण अफूतली नाही, कायदा तिले सायकोट्रॉपिक, म्हंजे मनावर परिणाम करणारी म्हणते. गांजा कायद्यात नार्कोटिक, डॉक्टरच्या हिशोबात नाही, अन् भांगेचा नुसता पाला कायद्याच्या त्या व्याख्येतच नाही, आता बोला! खोकल्याच्या बाटलीवर कोडीन लिहिलं असलं तं लेकराले देऊ नका.